किल्ल्याच्या जागी केतकी

बरकतपुरा, हैदराबाद
शनिवार, दुपारची चहाची वेळ

तीर्थरूप अक्का,

तुझ्या धाकट्या हिम्मतचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा हल्ली आठ अंगांत मोडत नाही. तेव्हा जेवढी अंगं अजून हजेरीवर आहेत तेवढ्यांचा समज.) तुझी तब्येत, परभणीचं ऊन, चि. चेतनची कचेरी, सौ. सुप्रियाच्या शिकवण्या आणि अंगणातला तो उर्मट कढीपत्ता, सगळं खुशाल असेल अशी आशा आहे. इकडे शांताचे सांधे आणि माझा स्वभाव, दोन्ही पूर्वीसारखेच आहेत. काचबिंदूनं तुझी नजर नेल्यापासून माझी पत्रं सूनबाई तुला वाचून दाखवते. पण आजचं पत्र मारुतीच्या शेपटीसारखं लांबणार आहे. म्हणून तिला तसदी न देता ते मी चेतनच्या हाती पाठवलेल्या नव्या फोनवर धाडलंय. फोनमधली बाई ते तुला वाचून दाखवील. बाई शुद्ध बोलते, थकत नाही, मधेच उठून दूध बघायला जात नाही. पण तिला विनोद कळत नाही, तेव्हा कुठं हसायचं ते तुझं तू ठरव. शिवाय माझ्या लिहिण्यात कंस फार, आणि प्रत्येक कंसापाशी ती मोठ्यानं "कंस" म्हणते. त्यात चेतनच्या मामाबद्दल काही सुचवायचा तिचा हेतू नसतो.

आता मुख्य गोष्ट. काल मी एका मोठ्या काळजीतून सुटलो, आणि हे कुणाला तरी पहिल्यापासून सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. शांतानं काल दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा तिनं मिक्सर लावला. म्हणून तुझ्याकडे आलो.

काळजी होती श्रुतीची. श्रुती माझ्या सातवीच्या वर्गातली. जीभ तिखट, गणित पक्कं, आणि इतिहासात मी एखादी सनावळी चुकलो की सगळ्यांत आधी हिचाच हात वर. लहानपणापासूनच तिची नजर अधू होती. या वर्षी ती इतकी उतरली की पुस्तकातली मोठ्यातली मोठी अक्षरंही तिला दिसेनात. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत यायची नाही. मग मैत्रिणी तिला धडे वाचून दाखवू लागल्या. मैत्रिणी चांगल्या, पण बारा वर्षांच्या. कंटाळा आला की परिच्छेद गाळायच्या, आणि श्रुतीला ते बरोबर कळायचं, कारण अफझलखान भेटीला निघाला आणि पुढच्याच वाक्यात मेला. तिचे वडील अनिरुद्ध भला माणूस. आजोबापासून सगळं घर सरकारी नोकरीत, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा निकाल एकदाचा लागावा असं त्यांना वाटतं. त्यांनी ठरवलं की दसऱ्याच्या सुट्टीनंतर पोरीला दूरच्या गावी, अंध मुलींच्या वसतिगृहाच्या शाळेत घालायचं. शाळेबद्दल माझं काही वाकडं म्हणणं नाही, तिथं ब्रेल चांगलं शिकवतात. पण श्रुतीला घर सोडायचं नव्हतं. ती माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "सर, मी नुसती बसून ऐकते, परीक्षेत कमी पडले तरी रडणार नाही, पण बाबांना सांगा ना, मला पाठवू नका." अक्का, वर्गात मी भल्याभल्यांना रडवलंय, पण त्या दिवशी मला खडू शोधायचं निमित्त करून कपाटात तोंड घालावं लागलं.

मी अनिरुद्धरावांना गाठलं. ते म्हणाले, "सर, मी काय हौसेनं पाठवतोय का? घरी हिची आई वाचून दाखवती, इथं पोरी वाचून दाखवत्या. उद्या आम्ही नसलो तर कोण? खाली-पीली आशा लावून मला पोरीला परेशान करायचं नाही." मी तसाच त्यांना घेऊन शाळेच्या कचेरीत गेलो. आमच्या मुख्याध्यापिका पद्मावतीबाईंनी निदान मुदत दिली. त्या अनिरुद्धरावांना म्हणाल्या, सुट्टीच्या आधी एक तास ठेवू. तुम्ही मागं बसा. पोरगी इतरांच्या बरोबरीनं धडा करू शकते असं दिसलं तर इथंच राहील, नाही दिसलं तर मी स्वतः दाखला लिहून देईन. आणि तो तास कुणी घ्यायचा? इतिहासाच्या हिम्मतरावांनी. माझ्या बाईसाहेब बहिणी, पोरीचं घर माझ्या एका तासावर येऊन बसलं.

नेमकी त्याच सुमारास शाळेत केतकी आली. ही चिक्कडपल्लीची मुलगी, कुठल्याशा संस्थेत नोकरीला. तिचं काम असं की शिक्षकांना फोन, संगणक वगैरे वापरून असं शिकवायला शिकवायचं, की ज्याला दिसत नाही, ज्याला ऐकू येत नाही किंवा ज्याच्या घरी पुस्तकाची भाषाच बोलत नाहीत, अशा कुणाचाही धडा बुडू नये. पहिल्या दिवशी तिनं फळ्यावर या विषयाचं नाव लिहिलं. ते इतकं लांब होतं की शेवटचा शब्द भिंतीवर गेला. मी गुपचूप मागच्या बाकावर जाऊन बसलो. (उभा जन्म मागच्या बाकावरच्या पोरांना उठवण्यात गेला, पण तिथं इतकी छान हवा येते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.) माझं ठाम मत होतं की शिकवायला घसा आणि खडू लागतो, बाकी सगळा बाजार. केतकीनं माझ्याशी वाद घातला नाही. तिनं सगळ्यांना घरचा अभ्यास दिला, की आपल्या फोनवर वाचून दाखवायची सोय चालू करा आणि एक दिवस तसाच वापरा.

ही सोय म्हणजे काय ते तुला आता ठाऊक झालंय. बोट लावलं की फोन बोलतो, आणि उघडायचं असेल तर दोनदा टकटक करायची. मला तेव्हा हे दोनदाचं प्रकरण ठाऊक नव्हतं. मी सोय चालू केली आणि मग ती बंद होईना. फोन घ्यायला जावं तर बाई "हिरवं बटण" म्हणायची आणि फोन वाजतच राहायचा. अशा अवस्थेत मी संध्याकाळी सुलतान बाजारात गेलो, पुस्तकं बघितली, आणि (हे शांताला कळवू नकोस, तिला आता कळलंयच, पण तू मुद्दाम कळवू नकोस) मिरची भज्यांच्या गाडीपाशी उभा राहिलो. पहिलं भजं तोंडात, आणि खिशातून बाईचा खणखणीत आवाज आला: "शांता. तळकट खाऊ नका. शांता. परवा काय झालं ते आठवा." गाडीभोवतीची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी खिसा दाबला तर तिनं तेच पुन्हा पहिल्यापासून वाचलं. भजीवाला झारा हवेत धरून मोठ्या आपुलकीनं म्हणाला, "परसों क्या हुआ था, साब?" मी उरलेली भजी तशीच ठेवून रिक्षात बसलो, आणि बरकतपुरा येईपर्यंत बाईनं मला विजेच्या बिलापासून व्याह्यांच्या सुविचारापर्यंत सगळं ऐकवलं. रिक्षावाला खूश होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात फोन पुन्हा बोलायला लागला, तेव्हा श्रुतीनं हात पुढं केला. आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली आणि बाई गप्प झाली. केतकीनं तिला आदल्याच दिवशी तेवढं शिकवलं होतं. रात्रभर जे दोन पदवीधर नवराबायकोला जमलं नाही ते पोरीनं चुटकीसरशी केलं, आणि वर विचारलं, "सर, परवा काय झालं होतं?" बातमी सुलतान बाजारातून आमच्या शाळेत माझ्या आधी पोचली होती. त्या दिवसापासून मी केतकीच्या तासाला पुढच्या बाकावर बसू लागलो.

धड्याचा मजकूर फोनमध्ये घालणं फार अवघड गेलं नाही, केतकीनं ते करून दाखवलं. अडचण आली चित्रांची. मजकूर वाचता वाचता चित्र आलं की बाई नुसतं "चित्र" म्हणायची आणि पुढं जायची. आमच्या पुस्तकात पानोपानी चित्रं, नकाशे. श्रुतीच्या कानावर काय पडायचं? चित्र. चित्र. नकाशा. चित्र. केतकी म्हणाली, प्रत्येक चित्राचं वर्णन शिक्षकानं लिहायचं. ते थोडक्यात असावं, आणि डोळस मुलाला त्या चित्रातून जे कळतं तेच त्यातून कळावं. हे ऐकून मला गुदगुल्या झाल्या. वर्णन लिहिण्यात तुझ्या भावाचा हात हैदराबादेत कोण धरणार? आमच्या मंडळाच्या वधूवर सूचक केंद्रातली सगळी स्थळं मीच तर लिहितो. तुला माहीत आहेच, या कामात खोटं लिहायचं नसतं आणि सगळं लिहायचंही नसतं. टक्कल असेल तर भव्य कपाळ. दिवसभर लोळत असेल तर शांत व घरात रमणारा. सासऱ्याशी एकदा भांडून आलेली असेल तर स्पष्टवक्ती.

तेव्हा मी चित्रांनाही तीच लेखणी लावली. गोदावरीच्या नकाशाला लिहिलं, "माहेर त्र्यंबकचे, सासर समुद्राकडील. वाटेत नांदेडसह पुष्कळ गावे सांभाळली. पावसाळ्यात स्वभाव तापट." केतकीनं कपाळाला हात लावला. नदीचा स्वभाव नको सर, म्हणाली, ती कुठून कुठे वाहते ते लिहा. मी रुसलो. पण श्रुतीनं निकाल दिला की नदी कुठून कुठे वाहते ते आधी येऊ द्या आणि स्वभाव मागाहून, कारण स्वभावामुळेच तिच्या लक्षात राहतं. तसं ठरलं. मग झालं असं की रोहन म्हणून एक पोरगा आहे, घरी तेलुगू, गल्लीत दखनी आणि मराठी वाचताना प्रत्येक जोडाक्षरापाशी ठेच, तोही कानाला लावून ऐकायला लागला. त्याला धडा समजला. पहिल्यांदाच समजला. आठवड्याभरात डोळस पोरंसुद्धा चित्र बघायचं सोडून "सर, ह्याचं काय लिवलं?" विचारायला लागली. मला तर जरा अंगावर मूठभर मांस चढलं. (फोनमधल्या बाईनं हे वाक्य फारच कोरडं वाचलं असणार.)

आणि इथंच घात झाला. तुला मंडळाची रीत ठाऊक आहे. आपल्या लोकांना मुलीचं लग्न तर जमवायचं असतं, पण जमवतोय हे शेजाऱ्याला कळायला नको असतं. म्हणून आम्ही स्थळावर नाव कधी घालत नाही, नुसता क्रमांक घालतो. हाताला तेच वळण. त्यामुळे चित्रांवरही मी नाव न घालता क्रमांक घातले. परवा संध्याकाळी एका हातानं मंडळाची स्थळं पाठवायची होती आणि दुसऱ्या हातानं श्रुतीला तासाची चित्रं. चित्र क्रमांक बारा होतं गोवळकोंड्याचं. स्थळ क्रमांक बारा होती चिक्कडपल्लीची एक मुलगी, जिच्या आईनं तिला न विचारता फोटो आणून दिला होता. आता मला सांग, शांता आतून "जेवायला बसताय का" म्हणून तिसऱ्यांदा ओरडत असताना माणसाचं बोट कुठल्या बारावर पडेल याची जबाबदारी कुणाची?

काल तास झाला. अनिरुद्धराव मागं बसले, म्हणजे सातवीच्या बाकात अडकले. त्यांच्या बाजूला पद्मावतीबाई, दारापाशी केतकी. मी किल्ल्याची प्रस्तावना केली आणि मोठ्या रुबाबात म्हणालो, श्रुती, चित्र ऐकव. तिनं सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला. बाई बोलू लागली, "क्रमांक बारा. वय अठ्ठावीस. उंची पाच फूट तीन इंच. वर्ण निमगोरा. नोकरी, शिक्षकांना फोन शिकविणे." सगळा वर्ग वळून केतकीकडे बघायला लागला. "स्वभाव मनमिळाऊ, परंतु मते आहेत. स्वयंपाक येतो असे घरचे म्हणतात. वाचनाची आवड. हैदराबाद सोडण्याची तयारी नाही."

अक्का, वर्गात जो हशा झाला तो काचीगुडा स्टेशनात ऐकू गेला असेल. केतकी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, कानापर्यंत लाल. माझ्या पायाखालची फरशी सरकली. केतकीची लाज वाटली ती वेगळीच. पण मला दिसत होते मागचे अनिरुद्धराव आणि त्यांचा चेहरा. तो चेहरा म्हणत होता, हेच ते यंत्र, आणि हेच ते मास्तर, यांच्या भरवशावर मी पोरीला ठेवू? माझ्या वेंधळेपणापायी पोरीचं घर सुटणार, एवढं एकच माझ्या डोक्यात घणासारखं वाजत होतं. मी फोन घ्यायला धावलो, गुडघा बाकाला आपटला. पद्मावतीबाई धावल्या. केतकी धावली. अनिरुद्धराव बाकासकट उठायला गेले, अर्धे निघाले, आणि तिथूनच हात लांब करून म्हणाले, "दे बेटा, इकडं दे, मी करतो बंद." चार मोठी माणसं त्या पोरीच्या हातातला फोन ओढायला आली होती.

श्रुतीनं फोन छातीशी धरला. म्हणाली, "नक्को बाबा. तुम्हाला नाही येत. मी करते." तिनं बाईला गप्प केलं. मग फोनला तोंडानं सांगितलं, गोवळकोंडा शोध. मी मागच्या आठवड्यात कच्चं लिहून केतकीला आणि तिला दोघींना पाठवलेलं वर्णन तिनं शोधून काढलं. (केतकीनं ते वाचून त्यातल्या अर्ध्या वाक्यांवर काट मारायला सांगितलं होतं.) तिनं ते आधी स्वतःसाठी लावलं, आणि तेही अशा वेगानं की आम्हाला नुसती माशी गुणगुणल्यासारखं ऐकू आलं. मला वाटलं, फोन बिघडला. श्रुती म्हणाली, "नाही सर, मी असंच ऐकते. तुमच्यासाठी हल्लू करते." मग तिनं बाईला हळू केलं आणि अख्ख्या वर्गाला किल्ला ऐकवला. पद्मावतीबाईंनी विचारलं, दरवाज्यापासून माथ्यापर्यंत निरोप कसा जायचा? श्रुतीनं दरवाज्यातल्या टाळीपासून सुरुवात केली, आवाज घुमटात कसा घुमतो, वर कुठं ऐकू येतो, चढ कसा आहे, तटाला वळण कुठं आहे, सगळं सांगितलं. पुस्तकात इतकं नव्हतंच. तिनं आणखी दोन ठिकाणचं शोधून ऐकलं होतं.

मागून अनिरुद्धरावांनी विचारलं, "श्रुती, हे तुला आईनं वाचून दाखवलं का?" ती म्हणाली, "नाही बाबा. आई फार हळू वाचती. महिना झाला, माझं मीच वाचते."

बाकावर बसलेल्या त्या माणसानं खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, मग चष्मा तसाच ठेवून डोळे पुसले. तास संपल्यावर पद्मावतीबाईंपाशी येऊन म्हणाले, "मॅडम, दाखल्याचं राहू द्या. ब्रेलची मास्तरीण इथंच बघतो, तेही शिकू दे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तिला चांगला फोन घेऊन देतो. पण एक इंतजाम तुम्ही करा, ती पोरगी मोठी होईपर्यंत त्याच्यात स्थळं येऊ नयेत." श्रुती दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. बातमी ऐकल्यावर ती मोठ्यानं "किर्राक!" (इथल्या पोरांचं "झकास") असं ओरडली आणि वर्गाकडे पळाली. भिंतीला हात लावत, पण पळाली. पद्मावतीबाईंनी धावू नका असं म्हटलं नाही, हे मी त्यांच्या हाताखाली पहिल्यांदाच पाहिलं.

केतकीची मी माफी मागितली. ती म्हणाली, आईशी घरी जाऊन बोलेनच, पण सर, "असे घरचे म्हणतात" हे कुणी लिहिलं? मी म्हणालो, अनुभवी माणसानं. मग तिला एकाएकी प्रश्न पडला की किल्ल्याच्या जागी स्थळ आलं, तर किल्ल्याचं काय झालं? तोवर मला ते सुचलंच नव्हतं. मंडळाच्या गटावर केतकीचा पिवळ्या साडीतला फोटो होता आणि त्याच्याखाली माझा मजकूर: "वय पाचशेच्या पुढे. बांधा भक्कम. राजघराणे. पूर्वी हिऱ्यांचा व्यापार. दारात टाळी वाजवली तरी माथ्यावर ऐकू जाते. पुष्कळांनी वेढा दिला, दाद दिली नाही. शेवटी आतल्याच माणसाने दार उघडले." त्याखाली दोन घरांनी पत्रिका मागितली होती. त्यातल्या एका घरानं वयाचं जुळवून घेऊ, पण हिऱ्यांचा व्यवहार अजून चालू आहे का, असं विचारलं होतं. केतकीच्या आईचा फोन आला, मी कानापासून वीतभर लांब धरला, तर बाई रागावलेली नव्हती. वेढ्याचं वाक्य तिला फार आवडलं होतं. म्हणाली, अगदी आमच्या केतकीचं वर्णन केलंत, फक्त तो दार उघडणारा आतला माणूस म्हणजे मीच का? केतकी हे ऐकून जी हसत सुटली ती बाकावर बसलीच.

तर अशी सगळी कथा. अक्का, काल घरी येताना रस्ता रुंद वाटत होता. गेले दोन महिने ताटावर बसलो की पोरीचं ते "मला पाठवू नका" आठवायचं आणि मी दुसऱ्या पोळीवरच उठायचो. काल मी तिसरी पोळी मागितली आणि शांता आतून ताट घेऊनच बाहेर आली, हा खरंच जेवतोय का बघायला. इतकं मोकळं मला आमची लेक सुमन बाळंतपणातून सुखरूप सुटली तेव्हा वाटलं होतं, त्यानंतर कालच. चेतनला आशीर्वाद, कढीपत्त्याला तंबी. तुझ्या पायांवर डोकं ठेवून इथं थांबतो.

तुझा धाकटा,
हिम्मत

ता. क. पत्र परत ऐकायचं असेल तर वरून खाली बोट फिरव. बाई फार भरभर वाटली तर चेतनला सांग, तिचा वेग कमी होतो. (सुलतान बाजाराचा भाग वगळायचीही सोय आहे. वापरलीस तर उपकार होतील.)

ता. क. दुसरा. सूनबाईला तसदी नको म्हणून पत्र फोनवर धाडलं असं मी वर लिहिलंय. ते कारण स्थळाच्या वर्णनासारखं आहे, खोटं नाही, पण सगळंही नाही. काल श्रुतीला मी विचारलं, आईपेक्षा ही बाई बरी कशी काय वाटते? ती म्हणाली, "सर, दुसरं कुणी वाचून दाखवलं, की त्याला चालेल तेवढंच विचारता येतं." अक्का, तिथून मी उठलो आणि हे पत्र लिहायला बसायचं ठरवलं. तीन वर्षं मी तुला लिहितो ते सुप्रिया वाचते, तू सांगतेस ते सुप्रिया लिहिते. आणि या तीन वर्षांत तुझ्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक वाक्य येतं: "माझी काही तक्रार नाही." तुला माझ्या जन्मापासून ओळखतो मी. तुझी काही तक्रार नाही असा एक दिवस मला आठवत नाही. लग्नाच्या मांडवातसुद्धा तू भटजींना उच्चार सुधारायला लावले होतेस. मला फार काळजी वाटते गं. खाली उजवीकडे बोट ठेवलंस की बाई "बोला" म्हणेल. मग बोल. तिथं तुझं मन रमत नसेल तर सांग, मी पुढच्या रविवारी न्यायला येतो. शांतानं आतली खोली रिकामी केली आहे. आणि खरंच काही तक्रार नसेल, तर मला निदान शिव्या दे, म्हणजे तू बरी आहेस हे कळेल.

ता. क. तिसरा आणि शेवटचा, चि. सौ. सुप्रियास. सासूबाई फोन नेहमी पूर्ण आवाजात ऐकतात हे लक्षात घेता वरचं सगळं तू स्वयंपाकघरात ऐकलंच असशील. तुझ्यावर आळ घेण्याचा माझा हेतू नव्हता. तीन वर्षं माझं हे गिचमिड अक्षर लावून वाचलंस, कंसांसकट, याचे उपकार मी कसे फेडणार? पण मला आत्ता सुचतंय की अक्काचं म्हणणं निदान तुझ्या हातून तरी माझ्यापर्यंत आलं. तुझं म्हणणं मात्र कुणाच्याच हातून आलं नाही. अक्का कशी आहे ते मी जन्मभर बघितलंय, तेव्हा तुझ्या तक्रारी माझ्या तक्रारींपेक्षा कमी नसणार. माझा नंबर चेतनकडे आहे. बाळ, तूही बोल. वेळ लागला तरी चालेल, मी मधेच उठणार नाही, आणि ऐकलेलं कुणाला वाचून दाखवणार नाही.